जाहिरात वेगळी, तर पत्रही वेगळं : नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र कसं लिहाल?

‘रेझ्युमे तयार आहे, पण जाहिरातीत कव्हर लेटरही मागितलंय. त्यात वेगळं काय लिहायचं?’ ‘साखर कारखान्याला, एमआयडीसीतल्या कंपनीला आणि कॉलेजला एकच पत्र चालेल का?’ ‘पत्र मराठीत लिहू की इंग्रजीत?’ नगर जिल्ह्यातल्या वाचकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही जण सोबत आपलं पत्रही पाठवतात. लिहिणारे अकोल्यातले असोत की जामखेडचे, आयटीआय झालेले असोत की एम.एस्सी., एक वाक्य मात्र जवळजवळ सगळ्यांच्या पत्रात असतं : ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळाल्यास मी ती प्रामाणिकपणे व निष्ठेने पार पाडीन.’

हे वाक्य झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात वर्षानुवर्षं पडून आहे. नाव आणि तारीख बदलून ते छापून मिळतं. वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीही कळत नाही, कारण अप्रामाणिकपणे काम करीन असं कुणीच लिहीत नाही. पत्राचं काम त्याहून साधं आहे. समोरच्याने जाहिरातीत जे मागितलं, ते माझ्याकडे आहे आणि त्याचा हा पुरावा, एवढंच ते सांगतं. मागणं जाहिरातीगणिक बदलतं, म्हणून पत्रही बदलावं लागतं.

आधी बघा, पत्र लागतंय का?

सगळीकडे लागत नाही. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद या भरत्यांत ऑनलाइन अर्ज, परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी असते. तुमचं पत्र वाचायला तिथे कुणी बसलेलं नसतं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांच्या जागा अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलमधून भरल्या जातात. ऑनलाइन परीक्षेने होणारी बँकांची भरतीही त्याच प्रकारातली. अशा ठिकाणी पत्रावर घालवायची संध्याकाळ अभ्यासाला द्या.

पत्र उपयोगी पडतं ते इथे :

- ई-मेलने किंवा पोस्टाने अर्ज मागवणाऱ्या खासगी कंपन्या, दूध प्रकल्प, साखर कारखाने
- तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जागा, विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा
- रुग्णालयं, पतसंस्था, स्वयंसेवी संस्था
- जाहिरातच आलेली नाही, पण जागा निघणार असल्याचं तुम्हाला कळलंय अशी कोणतीही जागा

रोजगार मेळाव्याला जात असाल तर पानभर पत्र नको. पाच-सहा ओळींचा मजकूर रेझ्युमेच्या वर टाचून ठेवा. टेबलापलीकडच्या माणसाकडे त्या दिवशी तेवढाच वेळ असतो.

जाहिरात पेन घेऊन वाचा

बहुतेक पत्रं लिहिताना बिघडत नाहीत, त्याआधी जाहिरात वाचतानाच बिघडतात. आपण पद आणि पगार पाहतो आणि थेट लिहायला बसतो. त्याऐवजी जाहिरात कागदावर घ्या आणि तीन प्रकारच्या खुणा करा. ‘आवश्यक’ म्हटलेल्या अटींखाली रेघ. ‘प्राधान्य’ म्हटलेल्या गोष्टींभोवती गोल. आणि कामाचं स्वरूप सांगणाऱ्या शब्दांवर, म्हणजे ‘तिन्ही शिफ्ट’, ‘फिरतीचं काम’, ‘वसुली’, ‘हंगामी’ अशांवर, फुली.

रेघ मारलेल्या प्रत्येक अटीला तुमच्या पत्रात उत्तर हवं. गोलातल्या एखाद्या गोष्टीला उत्तर असेल तर उत्तम. फुलीचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे, कारण मालकाची खरी अडचण तिथेच लपलेली असते. ‘तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी’ असं छापलं जातं, त्यामागे रात्रपाळीला माणूस टिकत नाही हा अनुभव असतो. सुप्यातल्या कंपनीला अर्ज करणारा शेवगावचा मुलगा रात्री जाणार-येणार कसा, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येणारच. राहण्याची सोय कशी करणार हे एका ओळीत लिहिलंत, तर तो प्रश्न तिथेच मिटतो.

एखादी ‘आवश्यक’ अट तुम्ही पूर्ण करत नसाल तर? शैक्षणिक पात्रता किंवा नोंदणीची अट असेल तर अर्ज करू नका, वाया जातो. ‘दोन वर्षांचा अनुभव’ मागितला असेल आणि तुमचा दीड वर्षाचा असेल, तर जरूर करा आणि दीड वर्ष असंच लिहा. ‘सुमारे दोन वर्षे’ लिहून अनुभवाच्या दाखल्यावर पकडले जाऊ नका.

पत्राचा सांगाडा

एक पान, त्याहून जास्त नाही. वर तुमचं नाव, पत्ता, मोबाइल, ई-मेल. मग ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’. संदर्भात जाहिरातीची तारीख आणि पदाचा क्रमांक घाला. एकाच जाहिरातीत दहा पदं असतात आणि अर्ज चुकीच्या गठ्ठ्यात गेला की तो कुणी शोधत बसत नाही.

पुढे तीन परिच्छेद पुरतात. पहिल्यात कोणतं पद आणि तुमची मुख्य पात्रता. दुसऱ्यात पुरावा, पत्राचा जीव इथेच असतो. तिसऱ्यात व्यवहार, म्हणजे कधी रुजू होऊ शकता, राहण्याची-जाण्याची सोय, मुलाखतीला कधी येऊ शकता. शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’, सही, आणि ‘सोबत’ म्हणून जोडपत्रांची यादी.

नेवासे तालुक्यातली रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली एक मुलगी साखर कारखान्यात अर्ज करते आहे असं समजा. तिच्या पहिल्या खर्ड्यात असं काहीसं असेल :

> मी बी.एस्सी. असून मला संगणकाचे उत्तम ज्ञान आहे. मी मेहनती, जिद्दी व प्रामाणिक आहे. घरची परिस्थिती बेताची असल्याने मला नोकरीची नितांत गरज आहे. तरी आपण माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती.

परिस्थिती खरी असेल, तरी ती पत्रात नको. अर्जांच्या गठ्ठ्यात गरज सगळ्यांचीच असते. तिच्यावरून निवड करता येत नाही. हेच पत्र जाहिरातीवर खुणा केल्यानंतर असं होऊ शकतं :

> प्रति,
> मा. कार्यकारी संचालक,
> (कारखान्याचे पूर्ण नाव व पत्ता)
>
> विषय : लॅब केमिस्ट (हंगामी) पदासाठी अर्ज
> संदर्भ : दैनिकाचे नाव, जाहिरातीची तारीख, पद क्र. ३
>
> महोदय,
>
> आपण लॅब केमिस्ट पदासाठी बी.एस्सी. रसायनशास्त्र ही पात्रता व तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी मागितली आहे. मी २०२४ मध्ये रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले असून कारखान्यापासून ९ किलोमीटरवर राहते.
>
> शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत मी रिफ्रॅक्टोमीटर व पोलॅरीमीटरवर साखरेच्या द्रावणांची मोजमापे घेतली. प्रकल्पासाठी परिसरातील दोन गुऱ्हाळांतील रसाचा ब्रिक्स आठ आठवडे नोंदवून त्याचा तक्ता एक्सेलमध्ये तयार केला. साखर कारखान्यातील कामाचा अनुभव मला नाही. मात्र गेल्या वर्षी सहा महिने दूध संकलन केंद्रावर रोज सुमारे १२० उत्पादकांच्या दुधाचे फॅट व एसएनएफ तपासून नोंदी ठेवल्या. गर्दीच्या वेळी घाई न करता नमुना तपासण्याची सवय त्यातून लागली.
>
> दुचाकी असल्याने तिन्ही शिफ्टना ये-जा करू शकते. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी केव्हाही रुजू होता येईल. मुलाखतीस मूळ प्रमाणपत्रे व प्रकल्पाची वही घेऊन येईन.
>
> आपली विश्वासू,
> (सही व नाव)
>
> सोबत : रेझ्युमे, गुणपत्रकांच्या छायाप्रती, संकलन केंद्राचा दाखला

‘अनुभव नाही’ हे तिने सरळ लिहिलं आणि लगेच त्याच्या जवळ जाणारं काम सांगितलं. ‘मेहनती’ हा शब्द कुठेही नाही, पण रोज १२० नमुने तपासणाऱ्या मुलीला तो लावून घ्यायची गरजही नाही.

कुठे अर्ज करताय, त्याप्रमाणे काय बदलेल?

साखर कारखाना. पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे, पदनामासह. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, तेव्हा हंगामी जागांसाठीचं पत्र त्याआधी पोहोचलं पाहिजे. डिसेंबरात आलेला उत्तम अर्जही उशिराचाच. शेती विभागासाठी अर्ज असेल तर उसाच्या जाती, लागण-खोडव्याच्या नोंदी, ठिबक याबद्दल तुम्ही स्वतः काय केलंय ते लिहा. डिस्टिलरी किंवा सहवीजनिर्मितीसाठी असेल तर तो विभाग नावाने लिहा, ‘कोणतेही काम चालेल’ असं लिहू नका. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा एखादा अभ्यासक्रम केला असेल तर तो पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. आणि प्रवरानगरला अर्ज करताना, तो आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना आहे हे त्यांना सांगू नका. त्यांना ते माहीत आहे.

नागापूर किंवा सुपा एमआयडीसी. इथे पत्र बहुधा ई-मेलने आणि इंग्रजीत जातं, आणि मनुष्यबळ विभागातला माणूस ते मोबाइलवर वाचतो. म्हणून दहा-बारा ओळी पुरे. मशीनचं नाव, कोणती मोजमापाची साधनं वापरता येतात, शिकाऊ उमेदवारी कुठे आणि किती महिने केली, हे आकड्यांत लिहा. ‘व्हर्निअर आणि मायक्रोमीटर वापरता येतो’ यापेक्षा ‘एका शिफ्टमध्ये अमुक पार्ट तपासत होतो’ हे जास्त बोलतं. जागा कंपनीच्या रोलवरची आहे की ठेकेदाराकडची, हे जाहिरातीत स्पष्ट नसेल तर पत्रात विचारू नका. मुलाखतीत मात्र नक्की विचारा.

सवलती घेणाऱ्या उद्योगांनी किमान ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असं राज्य सरकारचं धोरण आहे. पण तिथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य असलेला, त्याच तालुक्यातला नव्हे. म्हणून ‘मी पारनेरचा आहे, सुप्यात माझा हक्क आहे’ हा सूर पत्रात लावू नका. अधिवासाचा दाखला आहे आणि घर जवळ आहे, एवढं सांगा. जमीन गेलेल्या कुटुंबातले असाल आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला असेल, तर तो जोडपत्रांत नोंदवा.

महाविद्यालय, शाळा. आपला जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. तासिका तत्त्वावरच्या जागांसाठी पत्रात नेट, सेट किंवा पीएच.डी.ची स्थिती पहिल्याच ओळीत हवी. त्यानंतर तुम्ही कोणते पेपर शिकवू शकता ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या नावांनी लिहा. ‘सर्व विषय शिकवू शकतो’ असं लिहिणाऱ्याला एकही विषय धड येत नसावा, अशी शंका प्राचार्यांना येते. शाळेसाठी असेल तर टीईटी, अध्यापनाचं माध्यम आणि इयत्ता.

पतसंस्था. जिल्ह्यात पतसंस्था भरपूर आहेत, आणि त्यांना लागणारा माणूस बहुतेक वेळा दोन कामांचा असतो : काउंटर आणि वसुली. जी.डी.सी. अँड ए. झाला असाल तर ते सर्वांत वर लिहा. सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुली प्रकरणं हाताळली असतील तर किती, ते लिहा. ठेवी आणण्याची आश्वासनं पत्रात देऊ नका. नंतर तेच तुमचं उद्दिष्ट होऊन बसतं.

रुग्णालय. नर्सिंगच्या जागेसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे, हे आधी. मग कोणत्या विभागात किती खाटांवर काम केलं ते. बाकी गोष्टी मुलाखतीत.

स्वयंसेवी संस्था. इथे चुका वेगळ्या होतात. १९७० पासून जामखेडला चाललेलं डॉ. आरोळे दांपत्याचं ग्रामीण आरोग्याचं काम, किंवा पाणलोट क्षेत्रात १९९३ पासून काम करणारी ‘वॉटर’, अशा संस्था जिल्ह्यात असल्यामुळे अर्जदाराला वाटतं, आपण ध्येयवादाची भाषा लिहायला हवी. मग पत्रात ‘समाजाचे ऋण’ येतं, राळेगणसिद्धी येतं, हिवरे बाजार येतं. हिवरे बाजार बघून येणं हा अनुभव नाही. तुमच्या गावाने २०१६ ते २०१९ मधल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत भाग घेतला असेल आणि तुम्ही माथा ते पायथा मोजणी केली असेल, श्रमदानाची हजेरी ठेवली असेल, तर तो अनुभव आहे. किती दिवस आणि कोणतं काम ते लिहा. गावात मुक्काम करण्याची तयारी, दुचाकीचा परवाना आणि अहवाल लिहिता येणं या तीन गोष्टी संस्थांना फार हव्या असतात, आणि नेमक्या त्याच अर्जदार लिहायला विसरतात.

स्पर्धा परीक्षेतली वर्षं कशी मांडायची?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि विचारणाऱ्याच्या सुरात अपराधीपणा असतो. तीन-चार वर्षं एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी केली, निवड झाली नाही, आता खासगी नोकरी शोधतोय. ही वर्षं लपवू नका. पदवीचं वर्ष आणि आजची तारीख यांतलं अंतर कुणालाही मोजता येतं, आणि मोकळं सोडलेलं अंतर वाचणारा स्वतःच्या अंदाजाने भरतो. तो अंदाज तुमच्या बाजूचा नसतो.

एक-दोन वाक्यं पुरेत. उदाहरणार्थ : ‘२०२१ ते २०२४ या काळात राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी केली, २०२३ ची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालो. आता परीक्षा देणे थांबवले असून लेखा क्षेत्रात पूर्णवेळ काम करायचे ठरवले आहे.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मालकाची भीती एकच असते, की हा पुढच्या जाहिरातीला राजीनामा देईल. अजून परीक्षा देतच असाल तर ‘थांबवले आहे’ असं खोटं लिहू नका. हा मुद्दा पत्रात न काढता मुलाखतीत विचारल्यावर खरं सांगा.

त्या वर्षांत खर्चासाठी जे केलं, म्हणजे अभ्यासिका सांभाळली, शिकवण्या घेतल्या, मेसचा हिशोब ठेवला, ते नावानिशी आणि काळानिशी लिहा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एखाद्या कार्यालयात काम केलं असेल, तर तेही लिहा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. पण पत्रात विद्यावेतनाचा नव्हे, प्रत्यक्ष केलेल्या कामाचा उल्लेख हवा. ‘ग्रामपंचायतीत प्रशिक्षणार्थी’ एवढ्याने काही कळत नाही. ‘घरपट्टीच्या ४०० नोंदी संगणकात भरल्या’ याने कळतं.

घरचं काम अनुभवात धरायचं का?

धरायचं, पण ते या नोकरीच्या कामाशी जुळत असेल तरच. गोठ्यात दहा गायी सांभाळणाऱ्याने पशुखाद्य कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या पदासाठी तो उल्लेख जरूर करावा. गायींची संख्या, दूध आणि खाद्याचा हिशोब यांसह. कांद्याच्या लिलावाला वडिलांसोबत राहाता किंवा पारनेरच्या बाजार समितीत जात असाल आणि पद खरेदी विभागातलं असेल, तर तेही. मात्र संगणक प्रोग्रामरच्या अर्जात ‘शेतीची आवड’ लिहून उपयोग नाही.

अहमदनगर की अहिल्यानगर?

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदलल्यापासून हा गोंधळ आहे. तुमचा सध्याचा पत्ता ‘अहिल्यानगर’ लिहा. जुन्या प्रमाणपत्रांवर, अनुभवाच्या दाखल्यांवर ‘अहमदनगर’ असेल तर ते तसंच राहतं. केवळ अर्जासाठी ती कागदपत्रं बदलून घ्यायची गरज नाही. संस्थेचं किंवा कंपनीचं नाव मात्र जाहिरातीत जसं छापलंय तसंच लिहा. त्यांच्या नोंदणीकृत नावात ‘अहमदनगर’ असेल तर तुम्ही ते परस्पर बदलू नका.

लग्नानंतर नाव बदललेल्या वाचकांसाठी : पत्रात आजचं नाव लिहा आणि खाली ‘शैक्षणिक प्रमाणपत्रे अमुक नावाने आहेत’ अशी एक ओळ टाका. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद पडताळणीच्या वेळी दाखवता येते.

चिठ्ठी आणायची का?

आपल्याकडे सहकारातल्या आणि संस्थांतल्या नोकरीसाठी आधी ‘कुणाची चिठ्ठी मिळेल का’ हे पाहिलं जातं. असं होत नाही असं सांगून तुमची दिशाभूल करणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. संचालकांचं किंवा पुढाऱ्याचं नाव पत्रात घालू नका. छाननी करणारा अधिकारी चिडतो, आणि दुसऱ्या गटाचा असेल तर अर्ज तिथेच थांबतो. दुसरं, ज्यांनी तुमचं काम पाहिलंय अशा दोघांची नावं, म्हणजे विभागप्रमुख, आधीच्या कामावरचे सुपरवायझर, संदर्भासाठी देता येतात. त्यांना आधी विचारा. फोन आल्यावर ‘कोण हा?’ असं त्यांनी म्हणू नये.

भाषा, फॉन्ट आणि पाठवणं

- जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत. इंग्रजीत लिहायचं असेल तर साधी, छोटी वाक्यं. मुलाखतीत तुम्ही बोलणार नाही अशी इंग्रजी पत्रात नको.
- मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते. पीडीएफ केलीत तर हा धोका राहत नाही.
- फाइलला तुमचं नाव आणि पद द्या. ‘न्यू डॉक्युमेंट १’ नावाच्या फाइली त्यांच्याकडे पुष्कळ आलेल्या असतात.
- ई-मेलचा विषय रिकामा ठेवू नका. पत्राचा मजकूर ई-मेलमध्येच लिहा आणि रेझ्युमे जोडा.
- चॅटजीपीटीकडून पत्र लिहून घेत असाल तर जाहिरात आणि तुमची खरी माहिती द्या, आणि आलेल्या मजकुरातली विशेषणं काढून टाका. अन्यथा झेरॉक्सच्या दुकानातलं तेच पत्र, फक्त जास्त गुळगुळीत होऊन, तुमच्या हाती येतं.
- आधीच्या अर्जातल्या कंपनीचं नाव या पत्रात राहून गेलं नाही ना, हे मोठ्याने वाचून तपासा.

काय देणं तुमच्यावर बंधनकारक नाही

अर्जासोबत छायाप्रती पुरतात. मूळ प्रमाणपत्रं फक्त पडताळणीला दाखवायची आणि परत घ्यायची, ‘ठेवून जा’ म्हटलं तरी. आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील अर्जाच्या टप्प्यावर देऊ नका. ओळखीचा पुरावा मागितलाच तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात.

खासगी नोकरीच्या पत्रात जात, धर्म, वैवाहिक स्थिती लिहायची गरज नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेदभावाला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. ‘लग्न कधी?’ या प्रश्नाचं उत्तर पत्रातून आगाऊ द्यायचं कारण नाही. अपंगत्व असेल तर ते सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय. कामाच्या जागी काही सोय लागणार असेल तर सांगितलेलं बरं. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करावं, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांत आहे.

नोकरीसाठी ‘नोंदणी फी’, ‘युनिफॉर्मचे पैसे’, ‘ट्रेनिंगची अनामत’ आधी मागणाऱ्याला पत्रही पाठवू नका आणि पैसेही. पैसे गेले असतील तर तात्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. निवड झाली तर नेमणूकपत्र लेखी मागा. ते देणं २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने मालकावर बंधनकारक केलं आहे.

जागा कुठे निघाल्या हेच कळत नसेल, तर ‘महास्वयंम’ पोर्टलवर नोंदणी करा आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यांवर लक्ष ठेवा. नोंदणी फुकट आहे. कुणाला त्यासाठी पैसे देऊ नका.

पाठवल्यानंतर

आठ-दहा दिवस थांबा. मग एक छोटा ई-मेल किंवा कार्यालयीन वेळेत एक फोन : अमुक तारखेला अमुक पदासाठी अर्ज केला, तो मिळाला का? एवढंच. व्यवस्थापकांच्या खासगी व्हॉट्सॲपवर ‘गुड मॉर्निंग’ सुरू करू नका.

एक वही ठेवा आणि तिच्यात तारीख, संस्था, पद आणि पाठवलेल्या पत्राची प्रत चिकटवा. मुलाखतीचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो, तोवर आपण कुणाला काय लिहिलं होतं ते आठवत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाच्या टेबलावर मात्र तुमचं पत्र उघडं असतं. ‘आठ आठवडे ब्रिक्स नोंदवला’ असं लिहिलं असेल, तर पहिला प्रश्न त्यावरच येणार : सरासरी किती येत होता, आणि कोणत्या आठवड्यात घसरला?